नानांच्या गोळ्या

मागच्या वर्षी उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत मी रोज सकाळी सहा वाजता एक गोळी खात होतो. गोळी शुगरची होती. मला शुगर आहे असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. विचारलं आणि कुणी हो म्हणालं तर काय करायचं, ही भीती होती. मी आधीपासूनच असा आहे. दाराला कुलूप लावून जिना उतरतो आणि कुलूप बघायला पुन्हा वर जातो.

मी सुरतला, पांडेसऱ्यात एका मिलमध्ये स्टेंटरवर काम करतो. रंगवलेलं ओलं कापड दोन्ही काठांनी पकडून लांबलचक भट्टीतून नेणारं हे मशीन. कापड पुढून आत जातं आणि मागून वाळून, ताणून सरळ होऊन येतं. त्याच्याजवळ पाळीचे बारा तास उभं राहायचं. आठवीतून शाळा सोडून गावाकडून आलो तेव्हा मी दमलो की कापडाच्या गठ्ठ्यावर बसायचो आणि शिव्या खायचो. आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. पण उभं राहणं सुटलेलं नाही. पाय चालले तर नोकरी, इतका साधा हिशेब आहे.

आणि पायाचंच भय होतं. गावी माझ्या वडिलांना शुगर आहे. चपलेचा अंगठा लागून त्यांच्या पायाला जखम झाली, ती महिनाभर हळद भरून बांधून ठेवली, आणि शेवटी धुळ्याला नेऊन दोन बोटं काढावी लागली. तेव्हा मी सुट्टी काढून गेलो होतो. वडील खाटेवर बसून मला म्हणाले, "आता चप्पल एका पायाला ढिली होते बघ." ते हसत होते. मला हसू आलं नाही. परतीच्या गाडीत सगळा वेळ मी एकच विचार करत होतो, की हे माझ्यात कधी सुरू होणार.

सुरतमध्ये मी एका म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरी वरच्या खोलीत राहतो. ते आमच्याच बाजूचे, साक्रीकडचे. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, त्यांच्या मालकांना नाना. मी भाडेकरू म्हणून आलो होतो. पहिल्या आठवड्यात मला ताप आला. आक्का जिना चढून वर आल्या आणि डाळीचं पाणी पाजून गेल्या. त्या दिवसापासून माझं जेवण खालीच असतं. ह्या दोघांचं मी काय देणं लागतो ते मोजायला बसलो तर मला रडू येतं, म्हणून मोजत नाही. त्यांची कामं करतो. गॅसची टाकी आणतो, लाइट बिल भरतो, आणि महिन्याला नानांच्या शुगरच्या गोळ्या आणतो.

तर झालं असं. चैत्रात भाजी मार्केटजवळ कुठल्यातरी मंडळानं फुकट रक्त तपासायचा मांडव टाकला होता. मी नुकताच उसाचा रस पिऊन आलो होतो, मोठा ग्लास. बोटाला सुई टोचून तिथल्या पोरानं मशीनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "एकशे चौसष्ट. थोडी जास्त आहे भाई, कोई डॉक्टरको दिखा दो." मागं रांग होती, त्यानं पुढच्याचं बोट धरलं. मी बाजूला झालो. माझ्या कानात फक्त "जास्त आहे" एवढंच राहिलं.

मग मला एकेक गोष्ट जुळायला लागली. मला खूप तहान लागते. लघवीला जावं लागतं. संध्याकाळी पाय दुखतात. स्टेंटरच्या बाजूला दिवसभर उभ्या राहणाऱ्या कुणालाही तहान लागते आणि पाय दुखतात, हे मला तेव्हा सुचलं नाही. नानांना सहज विचारलं, "नाना, तुमचं कसं सुरू झालं?"

"तहान," नाना म्हणाले. "घडा संपवायचो मी."

डॉक्टरकडे गेलो असतो तर चिठ्ठी झाली असती. चिठ्ठी मिलमध्ये कळली असती, असं मला वाटायचं. शुगर झालेल्या एका कारागिराला ठेकेदारानं मशीनवरून काढून घडी घालायला बसवलं होतं. खरं तर तो स्वतःच मागून तिकडे गेला होता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मात्र मी ठरवलं की रोग वाढायच्या आतच दाबून टाकायचा, गुपचूप. गोळ्या तर मीच आणत होतो. नानांच्या गोळ्यांचा रिकामा पत्ता दाखवायचा, तो मेडिकलवाला माझ्या ओळखीचा. ह्या वेळी मी दोन मागितले.

"काकानी दवा?" तो म्हणाला. "आ वखते बे?"

"गावाला जाणार आहेत," मी म्हणालो.

त्यानं दोन पत्ते काढून दिले. चिठ्ठी त्यानं कधीच मागितली नव्हती, त्या दिवशीही नाही. एक पत्ता खाली नानांना दिला, एक वर माझ्या उशीखाली. पुढं दर वेळी असेच दोन घेत गेलो. पहिली गोळी खाल्ली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की शिट्टी वाजवत कामावर गेलो.

पुढं साधारण नऊ-दहाच्या सुमाराला मला रोज कापरं भरायला लागलं. हात थरथरायचे, कपाळावर गार घाम यायचा, डोळ्यांपुढं कापडाचा काठ हलायचा, आणि भूक अशी की समोर येईल ते खावं. विनाकारण चिडायचो. दहाला नाश्त्याची सुट्टी झाली, पाव-भाजी पोटात गेली की बरं वाटायचं. मी काय समजलो? शुगर वाढतेय. म्हणजे गोळी चालू केली ते बरंच केलं! एका सकाळी तर भट्टीचं तापमान चुकीचं लावलं आणि कापडाला पिवळट झाक आली. रंगाचे मास्तर धावत आले. ते नमुना कापून उजेडात बघितल्याशिवाय बादलीभर पाण्यातही रंग टाकत नाहीत. ते मला म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं? लग्न ठरलं का काय?" मी हसून वेळ मारून नेली.

नाना गोळी घ्यायचे तेव्हा आक्का त्यांच्या पुढ्यात भाकरी घेऊन बसलेल्या असायच्या. गोळी तोंडात गेली की लगेच भाकरीचा तुकडा. मी हे रोज बघत होतो आणि समजायचो की आक्कांचा लाड आहे.

श्रावणात कानबाई आली.

आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे घरातला सगळ्यात मोठा सण. सुरतमध्ये तर आमची माणसं एवढी आहेत की त्या दिवसांत पांडेसऱ्यात गाव उतरल्यासारखं वाटतं. रविवारी कानबाई बसते, चौरंगावर नारळाला नथ-डोळे लावून, साडी नेसवून, सोमवारी वाजतगाजत तापीवर जाते. आणि तिचा रोट असतो. घरातल्या प्रत्येक पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजतात, ते दळून त्याच्या पुरणपोळ्या, सोबत खीर. हा रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही. मी दुसऱ्या कुळातला. दर वर्षी त्या दिवसांत मी बाहेर जेवायचो आणि त्यात काही वाईट वाटून घ्यायचो नाही.

शनिवारी आक्का गहू मोजत होत्या. नानांचे धाकटे भाऊ पाट घेऊन बाजूला बसले होते. ते कडोदऱ्याहून सहकुटुंब सणाला आले होते. आक्कांनी नानांची मूठ टाकली, दिराची टाकली, दिराच्या मुलाची टाकली आणि मग आणखी एक टाकली.

"ही कुणाची, वहिनी?" दीर म्हणाले.

"वरच्या पोऱ्याची."

"तो आपल्या कुळातला आहे का? देवीचं काम आहे, काहीतरी बघा."

"मूठ मनी शे, गहू मना शे," आक्का म्हणाल्या. "तुमनं काय जास?"

नाना पेपरामागून म्हणाले, "बोलू नको रे. माझी मूठसुद्धा कापेल ती."

मी दारात उभा होतो. घर सोडून इतकी वर्षं झाली, कुणी माझ्या नावानं गहू मोजले नव्हते. त्या रात्री मला एकच काळजी लागली, की एवढं गोड खायचं, गुळाचं पुरण आणि खीर, आणि ते नको म्हणणं तर शक्यच नाही. मग सुचलं, सकाळची गोळी आहेच, वरून दुपारी आणखी एक घेऊन ठेवायची. गोड पोटात जायच्या आधीच बंदोबस्त.

रविवारी घरातल्या सगळ्यांचा उपास होता. कानबाई बसेपर्यंत काही खायचं नाही. फक्त नानांना आक्कांनी सकाळीच भाकरी खायला लावली. दीर म्हणाले, "आज तरी दम धर, दादा." आक्का म्हणाल्या, "गोळी खाणाऱ्याला उपास नसतो. डॉक्टरनं दोनदा सांगितलंय." मी तिथंच चहा पीत होतो. माझ्याही पोटात गोळी होती, आणि ती कुणाला माहीत नव्हती. मी भाकरी मागू शकत नव्हतो. मागायला पाहिजे, हेही मला कळलं नाही. दहाचं कापरं आणखी दोन कप चहावर कसंबसं निभावलं. चार वाजता वर जाऊन दुसरी घेतली.

सहाच्या सुमाराला आरतीला उभे राहिलो. ढोलकी, टाळ्या, घर बायकांनी भरलेलं. मी नैवेद्याच्या ताटाजवळ होतो. पहिल्यांदा माझे ओठ बधिर झाले. मग हात थरथरायला लागले, मग खांदे. अंगातून घामाचे ओघळ. मला वाटलं बसावं, पण बसता येईना, मी डुलायला लागलो. कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं! पोऱ्याच्या अंगात आलं!"

ढोलकी आणखी जोरात वाजायला लागली.

मला सगळं ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. दिरांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. कालपर्यंत मी परका होतो, आज ते माझ्यापुढं हात जोडून उभे! "माय, चुकलं असेल तर माफ कर," असं म्हणत होते. शेजारची एक बाई पुढं येऊन विचारत होती, "माय, मना पोऱ्यानं लगीन कधी व्हई?" मी तिच्याकडं बघत होतो आणि मला ती दोन दिसत होती. तोंडातून कसलातरी आवाज निघाला. ती "समजलं, समजलं" म्हणून पाया पडली. तिला काय समजलं, मला अजून माहीत नाही.

नाना खुर्चीवर होते. ते उठले, काठी टाकली, गर्दीतून आले आणि माझा दंड धरला. मग गाल चाचपले.

"थांबवा ती ढोलकी!" ते ओरडले. "येना अंगमा काहीच उनं नही. येनी शुगर उतरनी! साखर लई या, लवकर!"

"दादा, असं बोलू नये, देवी—"

"अरे मला झालंय हे दोनदा, मला सांगतो! असाच गार घाम. साखर!"

स्वयंपाकघर गर्दीच्या पलीकडं होतं. आक्कांनी इकडंतिकडं बघितलं. मग वाकल्या आणि नैवेद्याच्या ताटातली खिरीची वाटी उचलली. अजून नैवेद्य दाखवला नव्हता. घरातल्या सगळ्या बायका बघत होत्या. आक्कांनी मला भिंतीला टेकवून बसवलं, हनुवटी धरली आणि बोटानं खीर माझ्या ओठांना लावली. मी गिळतोय हे बघितलं, मग चमच्या चमच्यानं. पाच मिनिटांत वाटी रिकामी झाली. दुसरी दिली. हळूहळू ती बाई एकच दिसायला लागली.

"काय खाल्लं होतंस?" नाना कानाशी येऊन म्हणाले. "उपासानं असं होत नाही. खरं सांग."

"तुमची गोळी," मी म्हणालो. "दोन."

रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबेन तरुण होत्या, हिंदी-गुजराती मिसळून बोलत होत्या. सुई टोचून बघितलं, सलाईन लावलं. नानांनी खिशातून स्वतःच्या गोळ्यांचा पत्ता काढून दाखवला.

"तुला कुणी दिली ही?"

"मीच घेतली. शुगर होऊ नये म्हणून."

डॉक्टरबेन रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसून सांगितलं. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. रक्तात साखर जास्त आहे की कमी, हे ती बघत नाही. नानांच्यात साखर जास्त असते म्हणून ती कामाची. माझ्यात जास्त नव्हतीच, त्यात पोट रिकामं, त्यात दोन. "आता तुला बरं वाटतंय ना? दोन-तीन तासांनी परत खाली जाशील. गोळीचा अंमल लांब असतो. म्हणून उद्यापर्यंत इथंच." आणि खरंच, तसंच झालं, पुन्हा एकदा उतरली. खोलीवर एकटा झोपलो असतो तर सकाळी कुणाला कळलं असतं कोण जाणे.

"शुगरच्या सगळ्या गोळ्या अशाच असतात?" मी विचारलं.

"नाही. काही एवढी साखर उतरवत नाहीत. कधीकधी काठावरच्या माणसाला शुगर होऊ नये म्हणूनसुद्धा आम्ही एखादी देतो. पण तपासून, त्याची किडनी बघून, आणि ही नाही. कुठली कुठली हे तुला पत्त्यावरून कळतं?"

मी मानेनंच नाही म्हटलं. तो पत्ता मी वाचलाही नव्हता, फक्त रंग ओळखीचा होता.

आक्का दाराशी उभ्या होत्या. घरी कानबाई बसलेली, पाहुणे जेवायचे, आणि ह्या इथं. त्या आत आल्या आणि माझ्या दंडावर एक चापटी मारली, चांगली जोरात. "कसाले खादी रे तू? मला विचारायला काय झालं होतं तुला? मी घरात मेली होती का?" मग डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "खीर गोड होती का?"

मी म्हणालो, "वेलदोडा जास्त झाला होता."

"मेल्या," त्या म्हणाल्या. "तोंड तर चालतंय."

तपासण्या राहिल्या होत्या. उपाशीपोटीची आणि मागच्या तीन महिन्यांचा अंदाज सांगणारी, अशा दोन. डॉक्टरबेन म्हणाल्या, गोळीचा अंमल जाऊ दे, पंधरा-वीस दिवस नीट जेव, मग रक्त दे, आणि तीन महिन्यांची तपासणी पुन्हा एकदा पुढंही करू. उसाचा रस पिऊन मोजलेल्या आकड्यावरून त्या काही म्हणायला तयार नव्हत्या. ते वीस दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. गोळी बंद झाल्याबरोबर सकाळचं कापरं थांबलं, हा पुरावा समोर असूनही माझं मन ऐकत नव्हतं. गोळी थांबली, आता रोग मोकळा सुटला असेल, असं वाटायचं.

ह्या काळात आक्कांनी एक काम केलं. चष्मा घालून, नानांची फाइल छातीशी धरून त्या मला घेऊन मेडिकलवर गेल्या.

"तुम्ही ह्याला चिठ्ठीशिवाय दोन पत्ते दिले?"

"बेन, रोजना ग्राहक छे, काकानी दवा तो—"

"काका मेले असते आणि हा आला असता, तरी गोळ्या दिल्या असत्या?"

नाना मागं पानाच्या टपरीवर उभे होते, तिथून म्हणाले, "मला कशाला मारतेस त्यात?" सगळे हसले, मेडिकलवालासुद्धा. पण त्यानं कान पकडले, आणि आता तो माझ्याकडूनही दर वेळी चिठ्ठी मागतो, गोळ्या नानांच्या असल्या तरी. मी देतो.

आमचा रोट मी खाल्लाच. रोट काही एका दिवसात संपत नाही. सोमवारी रात्री दवाखान्यातून आलो, मंगळवारी मला ताट वाढलं, नाना समोर, दीर बाजूला. दिरांनी तुपाची वाटी जवळ ओढली. मग म्हणाले, "नैवेद्याच्या आधी देवीनं तुला खाऊ घातलं. आता मी काय बोलणार?" आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पोळीवर तूप वाढलं.

रिपोर्ट आला तेव्हा मी सुट्टी घेतली होती, म्हणजे काही वाईट निघालं तर मशीनजवळ नको. डॉक्टरबेननी कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, "शुगर नाही." मी म्हणालो, "थोडी तरी?" त्या हसल्या. "थोडीसुद्धा नाही. तीन महिन्यांची तपासणी ठरल्याप्रमाणे पुन्हा करू, आणि वडिलांना आहे म्हणून वर्षातून एकदा इथं येऊन तपासायचं. पाळीच्या आधी जेवून जायचं. आणि स्टेंटरवर काम करतोस तर पाणी पिणारच तू. पी."

बाहेर येऊन वडिलांना फोन लावला. मी त्यांना ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं, उसाच्या रसापासून ते कुंकवापर्यंत. मला वाटलं फोन कटला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय." मग म्हणाले, "मी तुले एक विचारू का विचारू करत होतो, पण भ्यायचो. पानी गंज पेस का रे तू? फार तहान लागते का? मला वाटायचं, माझ्यामुळं तुलाही लागेल हे."

म्हणजे इतके दिवस तिकडं ते आणि इकडं मी, दोघंही एकच गोष्ट घेऊन बसलो होतो, आणि दर रविवारी फोनवर पाऊस-पाण्याचं बोलत होतो.

"डॉक्टर काय म्हणाल्या, परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. त्यांनी आईला हाक मारली, तिला फोन दिला, आणि तिलाही पहिल्यापासून सांगायला लावलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मला ते पटायला लागलं.